पॉप्युलेशन हेल्थचा प्रोग्राम सुरू करायचाय? आधी छेद ठरवा, डॅशबोर्ड नंतर बघू

हल्ली कुठल्याही हॉस्पिटलच्या मीटिंगला जा, कोणीतरी व्हॅल्यू-बेस्ड केअरची स्लाइड लावतंच. पुढच्या स्लाइडवर रंगीत डॅशबोर्ड, लाल-हिरवे गोल, मधोमध ठळक अक्षरात एक टक्केवारी. सगळे माना डोलावतात आणि ही टक्केवारी नेमकी कितीजणांपैकी काढली, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा, छेद, कोणता, हे विचारायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. हे लिहितोय ते ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी, म्हणजे क्लिनिक चालवणारे डॉक्टर, क्वालिटी डिपार्टमेंटवाले, नाहीतर "तुला एक्सेल येतं ना, मग तूच बघ" म्हणून खुर्चीत बसवलेला बिचारा कोणीतरी.

व्याख्येत फार वेळ घालवत नाही. डेव्हिड किंडिग आणि ग्रेग स्टॉडार्ट या अभ्यासकांनी २००३ मध्ये पॉप्युलेशन हेल्थचा अर्थ मांडला तो साधारण असा, की एका गटातल्या लोकांच्या तब्येतीचे परिणाम काय आहेत आणि ते परिणाम त्या गटात कसे वाटले गेलेत. दुसरा भाग लोक विसरतात. सरासरी छान आणि गटातला एक कोपरा पार खड्ड्यात, असं चालत नाही. व्हॅल्यूचं म्हणाल तर मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये जे सूत्र लोकप्रिय केलं तेच आजही सगळे वापरतात, पेशंटला जे परिणाम मिळाले ते वर आणि त्यासाठी झालेला खर्च खाली. पेशंटला महत्त्वाचे वाटणारे परिणाम, हॉस्पिटलला सोयीचे वाटणारे नाहीत. बस, एवढ्यावर काम सुरू होतं.

आता मुद्द्याचं. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला समोर आलेला पेशंट दिसतो. जो आलाच नाही तो दिसत नाही, आणि पॉप्युलेशन हेल्थचं जवळपास सगळं काम त्या न आलेल्या माणसाचं आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी, एआयचा डेमो बघायच्या आधी, पहिलं काम म्हणजे यादी. कोण कोण आपलं, हे नावानिशी.

यादी कशी करायची

एक आजार घ्या. एकच. डायबेटिस किंवा ब्लड प्रेशर घेतलेलं बरं, कारण मोजायला सोपं आणि पेशंटही भरपूर. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या केस पेपरवर ते निदान आहे, किंवा निदान लिहिलेलं नाही पण त्या आजाराची औषधं चालू आहेत, किंवा रिपोर्ट तसं सांगतोय, असे सगळे काढा. तिन्हीकडून काढायचं, कारण निदानाच्या रकान्यावर एकट्यावर विसंबलात तर यादी अर्धवट येणार. मग डुप्लिकेट काढा (एकच माणूस तीन स्पेलिंगने असतोच असतो), वारलेले काढा, दुसऱ्या गावी गेलेले काढा. पण "फोन उचलत नाही" म्हणून कोणाला काढायचं नाही हां. फोन न उचलणारा माणूस यादीत राहिलाच पाहिजे, तोच तर शोधायचाय.

मग प्रश्न येतो की हा पेशंट आपला की शेजारच्या क्लिनिकचा. याला अॅट्रिब्यूशन म्हणतात आणि यावरून पुढे पैशाची भांडणं होतात, म्हणून आत्ताच ठरवा. दोन पद्धती आहेत. एक, माणूस स्वतः सांगतो की हे माझं क्लिनिक. सिंगापूरने जुलै २०२३ मध्ये हेल्थिअर एसजी ही सरकारी योजना सुरू केली त्यात हेच आहे, चाळिशीपुढच्या लोकांनी एक फॅमिली क्लिनिक निवडून तिथे नाव नोंदवायचं. दुसरी, क्लेमच्या (विम्याकडे पाठवलेल्या बिलांच्या) डेटावरून कॉम्प्युटर ठरवतो की या माणसाने प्राथमिक उपचार जास्त कुठे घेतले, तो तिकडचा. अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) च्या शेअर्ड सेव्हिंग्ज प्रोग्राममध्ये, म्हणजे खर्च वाचवला तर बचतीत वाटा देणाऱ्या योजनेत, प्रामुख्याने असं चालतं. मला विचाराल तर पहिली पद्धत केव्हाही चांगली, कारण दुसऱ्यात बऱ्याचदा पेशंटला पत्ताच नसतो की आपण कोणाच्या तरी यादीत आहोत, आणि जो वर्षभरात कोणाकडेच गेला नाही तो कोणाच्याच यादीत येत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू, आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. समजा तुमच्या डायबेटिसच्या यादीत ४०० जण आहेत. वर्षभरात २७० आले. त्यातल्या २४० जणांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) झाली. १८० जणांची ८ च्या खाली. आता डॅशबोर्डवर काय लिहाल? २४० पैकी १८० म्हणजे ७५ टक्के, हिरवा गोल, टाळ्या. आणि ४०० पैकी १८० म्हणजे ४५ टक्के, लाल गोल, सगळे गप्प. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण पहिलं गणित फक्त तुमच्या लॅबपर्यंत पोचलेल्यांचं आहे. अमेरिकेतल्या क्वालिटी मोजमापात शुगर फार बिघडलेल्यांचा जो निकष आहे, एचबीएवनसी ९ च्या वर, त्यात ज्याची तपासणीच झाली नाही त्याला बिघडलेल्यातच धरतात. कठोर वाटतं पण बरोबर आहे. छेदातून माणूस गळू द्यायचा नाही.

आता त्याच ४०० मध्ये खाली उतरून बघा, खरी मजा तिथे आहे. २७० आले आणि २४० तपासले, म्हणजे ३० जण तुमच्या दारात येऊन गेले आणि तपासणी सांगायची राहिली. हे सगळ्यात सोपं काम, यासाठी कोणाला फोनही करावा लागत नाही, पुढच्या वेळी केस पेपरवर लाल खूण दिसली की सिस्टर डॉक्टरकडे पाठवायच्या आधीच रक्त घेऊन टाकतील. उरले १३० जे आलेच नाहीत. यांना एकेक फोन लावायचा आणि फोनच्या पुढे कारण लिहायचं, "बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या", "दुसरीकडे दाखवतो", "यायला कोणी नाही", "गोळ्या परवडत नाहीत", "नंबर चुकीचा". पन्नासेक फोन झाले की एक्सेलच्या त्या एका कॉलममध्ये तुमचा अख्खा प्रोग्राम लिहिलेला असतो. जिथे "यायला कोणी नाही" जास्त येतंय तिथे घरी जाऊन रक्त घेणारा माणूस हवा, जिथे "परवडत नाही" येतंय तिथे कितीही समुपदेशन करा, औषध स्वस्त झाल्याशिवाय आकडा हलणार नाही.

सामाजिक गरजा विचारायचा ट्रेंड हल्ली जोरात आहे, घर, अन्न, प्रवास, वीज-पाण्याची बिलं, घरातली सुरक्षितता असे प्रश्न फॉर्मवर. विचारा, जरूर विचारा. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर "अडचण आहे" आलं तर पुढे कोणाकडे पाठवायचं हे ठरलेलं नाही, तो प्रश्न अजून फॉर्मवर टाकू नका. माणसाने मन मोकळं करायचं आणि आपण टिक करून फाइल बंद करायची, हे बरं दिसत नाही.

कोणाला आधी धरायचं

इथे प्रत्येक व्हेंडर रिस्क स्कोअर, म्हणजे कोणता पेशंट किती धोक्यात हे सांगणारा आकडा, विकायला येतो. एआय आलंय त्यामुळे आता तर विचारूच नका. स्कोअर वापरायला हरकत नाही, फक्त एक प्रश्न विचारा, हे मॉडेल नक्की कशाचा अंदाज करतंय? आजारपणाचा की खर्चाचा? २०१९ मध्ये सायन्स जर्नलमध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या एका अल्गोरिदमचा. तो पुढच्या खर्चाचा अंदाज करून त्यालाच गरज समजत होता. कृष्णवर्णीय पेशंटवर मुळात खर्चच कमी होत आलेला, कारण त्यांना उपचार कमी मिळत होते, त्यामुळे तेवढाच आजारी असूनही त्यांचा स्कोअर कमी यायचा. ही चूक सुधारली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. यात कोणी वर्णद्वेषी कोड लिहिला नव्हता, फक्त मोजायची वस्तू चुकीची निवडली. जे लोक दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांचा खर्च शून्य असतो आणि खर्चावर शिकलेलं मॉडेल त्यांना ठणठणीत समजतं.

दुसरा मोह म्हणजे "टॉप पाच टक्के". सगळ्यात जास्त वेळा ॲडमिट होणारे मूठभर पेशंट धरायचे, त्यांच्यामागे टीम लावायची, खर्च धाडकन खाली. ऐकायला इतकं पटतं ना! न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये नर्स, सोशल वर्कर आणि कम्युनिटी हेल्थ वर्करची टीम डिस्चार्जनंतर अशा पेशंटच्या घरी जायची, ते काम जगभर गाजलं. मग त्यांनीच धाडस करून त्याची नीट चाचणी होऊ दिली, ८०० पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. २०२० मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १८० दिवसांत परत ॲडमिट होण्याचं प्रमाण टीम मिळालेल्यांत ६२.३ टक्के, न मिळालेल्यांत ६१.७. म्हणजे काहीच फरक नाही. ॲडमिशन दोन्ही गटांत कमी झाल्या होत्या, कारण जो माणूस त्याच्या सगळ्यात वाईट काळात यादीत आला तो पुढे थोडा सावरतोच, कोणी काही करो वा ना करो. म्हणून एक नियमच करून टाका, "आधी-नंतर"चा ग्राफ कोणी दाखवला की विचारायचं, ज्यांना हे दिलं नाही त्यांचं काय झालं? तुमच्याकडे माणसं कमी आणि यादी मोठी असेल (असतेच), तर कोणाला आधी घ्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवा. कोणावर अन्याय नाही आणि तुलनेला गट फुकटात तयार.

जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्ये एक गोष्ट सांगितली होती ती इथे फार कामाची आहे. थोडा धोका असलेले खूप लोक मिळून जेवढे आजार देतात ते भयंकर धोका असलेल्या थोड्या लोकांपेक्षा जास्त भरतात. टॉप पाच टक्क्यांकडे बघाच, पण मधल्या मोठ्या घोळक्याला सोडू नका.

मधल्या घोळक्यासाठी काय करायचं

कंटाळवाणी कामं करायची, दुसरं काही नाही. कैसर पर्मनेंटे या अमेरिकेतल्या विमा आणि हॉस्पिटल दोन्ही चालवणाऱ्या संस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लड प्रेशर प्रोग्रामची गोष्ट मी कोणालाही सांगतो. २००१ मध्ये त्यांच्या यादीतल्या साधारण ४४ टक्के लोकांचं बीपी आटोक्यात होतं, २००९ मध्ये ८० टक्के. काय केलं? पूर्ण यादी बनवली, सगळ्या डॉक्टरांसाठी औषधांची एकच सोपी पायरी-पायरीची पद्धत ठरवली, दोन औषधं एकाच गोळीत दिली, बीपी तपासायला डॉक्टरची अपॉइंटमेंट न लागता मेडिकल असिस्टंटकडे फुकट यायची सोय केली आणि कोणत्या सेंटरचा आकडा काय हे सगळ्यांना नियमित दाखवलं. रोबोट नाही, ब्लॉकचेन नाही. तुमच्याकडे दहा डॉक्टर असतील आणि दहाजण दहा प्रकारे औषध वाढवत असतील, तर आधी त्यांना एका खोलीत बसवा आणि एका पानाचा प्रोटोकॉल ठरल्याशिवाय चहा देऊ नका.

घरचं बीपी मशीन, शुगरचे सेन्सर, व्हिडिओवर फॉलोअप, घरीच हॉस्पिटल हे सगळं कोव्हिडनंतर वाढलंय आणि कामाचंही आहे. अट एकच, आलेलं रीडिंग कोण बघणार आणि किती वेळात बघणार याचं नाव लिहून ठेवा. रात्री दोनला १९० चं रीडिंग येऊन सकाळपर्यंत कोणी बघितलं नाही, तर मशीन नसलेलं परवडलं.

मोजायचं काय

लॅबचे आकडे झाले, आता पेशंटला विचारा. यातला सगळ्यात चांगला ट्रेंड मला हा वाटतो. गुडघा बदलला, ऑपरेशन टेक्निकली मस्त, एक्सरे सुंदर, पण माणूस जिना चढतोय का? इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून हिप आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनआधी आणि नंतर पेशंटकडून प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात झाली. प्रश्नावली स्वतः बनवत बसू नका. ऑक्सफर्ड हिप स्कोअर आहे, १२ प्रश्न, ० ते ४८ गुण. सर्वसाधारण तब्येतीसाठी ईक्यू-फाइव्ह-डी आहे, चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी, एवढ्या पाच बाबी. वेगवेगळ्या आजारांसाठी काय मोजायचं याचे तयार संच आयसीएचओएम ही २०१२ मध्ये सुरू झालेली संस्था काढते. लायसन्स बघून घ्या, मराठी भाषांतर वापरायचं तर तपासलेलं अधिकृतच वापरा.

आणि इथेही छेद! ऑपरेशनआधी फॉर्म भरून घेतला नाही तर नंतरच्या फॉर्मचा काही उपयोग नाही, आणि नंतरचा फॉर्म फक्त खूश असलेले पेशंटच परत पाठवतात. किती जणांना पाठवला आणि किती परत आले हे निकालाच्या शेजारीच छापा.

आकड्याला पैसा बांधला की लोक आकडा सुधारतात, तब्येत सुधारेलच असं नाही, हे धरून चाला. इंग्लंडमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना क्वालिटीच्या गुणांवर पैसे मिळायला लागले, त्यात काही पेशंट योग्य कारण देऊन हिशोबातून वगळायची सोय होती. सोय गरजेचीच आहे, शेवटच्या दिवसांत असलेल्या माणसाची शुगर ७ वर आणायचा आग्रह कोण धरेल. पण वगळलेल्यांचं प्रमाण तुमच्या रिपोर्टमध्ये वेगळं दिसलंच पाहिजे, नाहीतर अवघड पेशंट हळूहळू त्या दाराने बाहेर जातात.

पैशाचं कधी बोलायचं

वरचं सगळं निदान वर्षभर चालवून झाल्यावर. वारं कुठल्या दिशेने आहे ते दिसतंच आहे, प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे यावरून गाडी पेशंटच्या परिणामांची आणि खर्चाची जबाबदारी घेतल्याच्या पैशाकडे चाललीय. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून ठराविक आजारांत ३० दिवसांत अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट परत ॲडमिट झाले तर हॉस्पिटलला दंड सुरू झाला, तो आता मेडिकेअरच्या पेमेंटच्या ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १ जानेवारी २०२६ पासून टीम (TEAM) नावाचं मेडिकेअरचं पेमेंट मॉडेल लागू झालंय, निवडलेल्या भागातल्या हॉस्पिटलना सक्तीचं, त्यात पाच प्रकारच्या मोठ्या ऑपरेशनांची जबाबदारी डिस्चार्जनंतर ३० दिवसांपर्यंत हॉस्पिटलवर. आतापर्यंत बहुतांशी ऐच्छिक असलेल्या गोष्टी सक्तीच्या होतायत, हा बदल लक्षात घ्या.

शेअर्ड सेव्हिंग्जचं गणित असं. तुमच्या यादीवर माणशी १०० खर्च अपेक्षित, प्रत्यक्षात ९६ झाला, वाचले ४, निम्मे तुमचे, म्हणजे २. आता त्यासाठी ठेवलेल्या नर्स, सॉफ्टवेअर, फोन यांचा खर्च माणशी ३ असेल तर बचत करूनही तुम्ही १ ने आत. हे उदाहरण मी मुद्दाम सोपं ठेवलंय, पण कितीतरी ठिकाणी एवढंही गणित कागदावर मांडलेलं नसतं. शिवाय क्वालिटीचा निकष हुकला तर ते २ पण कमी होतात किंवा जातात.

यादी छोटी असेल तर आणखी सांभाळा. मेडिकेअरच्या त्या प्रोग्राममध्ये किमान ५,००० पेशंट लागतात, त्यामागे कारण आहे. ८०० जणांच्या यादीत एक ट्रान्सप्लांट झालं की वर्षाचा हिशोब उलटापालटा, यात तुमचं कर्तृत्वही नाही आणि चूकही नाही. लहान क्लिनिक असाल तर चार-पाच जणांनी मिळून करार करा, आणि फार महागड्या केसेसचा खर्च एका मर्यादेच्या वर मोजला जाणार नाही असं कलम घालून घ्या.

नुकसानही वाटून घ्यायच्या करारावर पहिल्याच वर्षी सही करू नका, समोरचा पैसे देणारा (विमा कंपनी नाहीतर सरकार) कितीही गोड बोलो. सहीच्या आधी करारात चार गोष्टी शोधा. यादीतली नावं तुम्हाला वर्षाच्या सुरुवातीला मिळणार की वर्ष संपल्यावर, कारण संपल्यावर मिळाली तर तुम्ही फोन कोणाला लावणार. क्लेमचा डेटा किती महिने उशिरा येणार. तुम्ही खर्च कमी केलात की पुढच्या करारात तो १०० चा आकडाच खाली ओढणार का, म्हणजे चांगलं काम केल्याची शिक्षा. आणि आजारी पेशंट जास्त असले तर अपेक्षित खर्च त्या प्रमाणात वाढणार का, आणि ते आजारपण ठरवणार कशावरून. हे शेवटचं निदानांच्या कोडवरून ठरतं, त्यामुळे खरी निदानं नीट नोंदवायची सवय डॉक्टरांना लावावीच लागते, पण जो सल्लागार येऊन "जास्त कोड टाका, बाकी काही बदलायची गरज नाही" म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा. यातलं एकही उत्तर कागदावर मिळत नसेल तर सही पुढच्या वर्षावर ढकला आणि त्या १३० फोनचं काम चालू ठेवा, त्याला कोणाच्या कराराची गरज नाही.